मेथीच्या अर्काची कसोटी : रक्तातील साखर कशाने उतरली, हे कसे ठरते?

मधुमेहावर मेथी गुणकारी असल्याचा समज देशाच्या सर्व भागांत आढळतो. या समजाची शास्त्रीय तपासणी गेली अनेक दशके सुरू आहे. मेथीच्या दाण्यांत साखरेवर परिणाम करणारे घटक आहेत, हे या तपासणीतून दिसून आले आहे. मात्र मेथी घेतल्यानंतर साखर उतरली, एवढ्यावरून ती मेथीमुळेच उतरली असे म्हणता येत नाही. हा फरक ओळखण्यासाठी चाचणी कशी आखली जाते आणि तिच्या निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा, याचा हा आढावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहाचे औषध बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते. त्यामुळे स्वयंपाकघरातील एखाद्या स्वस्त पदार्थाने साखर आटोक्यात येत असेल, तर त्याचा लाभ कोट्यवधी कुटुंबांना होऊ शकेल. उलटपक्षी, त्या पदार्थावर विसंबून कोणी चालू औषध सोडले, तर डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू आणि हृदय यांची हानी कोणतेही लक्षण न दाखवता वाढत राहते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या गोष्टींवर सोपवणे परवडणारे नाही.

मेथीच का?

मेथी ही द्विदल वर्गातील वनस्पती आहे. राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरात या राज्यांत तिचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. फोडणीत, लोणच्याच्या मसाल्यात, बाळंतिणीच्या लाडवांत आणि पालेभाजीच्या रूपाने ती मराठी घरांत नित्य वापरली जाते. मधुमेही व्यक्तींमध्ये रात्री दाणे भिजत घालून सकाळी ते पाण्यासह घेण्याची प्रथा रूढ आहे.

दाण्याच्या रचनेकडे पाहिल्यास या प्रथेला काही आधार असल्याचे दिसते. दाण्यात तंतुमय पदार्थ विपुल असतात. त्यांतील गॅलॅक्टोमॅनन नावाचा भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. भिजवलेल्या मेथीला येणारा चिकटपणा त्याचाच. हा चिकट थर अन्नासोबत पोटात गेला की अन्न जठरातून पुढे सरकण्याची आणि आतड्यातून ग्लुकोज शोषले जाण्याची गती मंदावते. परिणामी जेवणानंतर साखरेची जी उसळी येते, ती काहीशी कमी उंच राहते.

दाण्यात ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन नावाचे एक अमिनो आम्लही असते. फ्रान्समधील मॉन्पेलिए येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हे अमिनो आम्ल स्वादुपिंडातील पेशींना इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करते, असे आढळले. विशेष म्हणजे हा परिणाम सभोवतालच्या ग्लुकोजचे प्रमाण वाढलेले असतानाच दिसत होता. ट्रायगोनेलिन आणि सॅपोनिन वर्गातील संयुगे हे दाण्यातील आणखी काही अभ्यासले गेलेले घटक आहेत.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मेथीचा माणसांवरील परिणाम पद्धतशीरपणे तपासण्यास आरंभ केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णांना १० दिवस मेथीयुक्त आणि १० दिवस मेथीविरहित आहार देण्यात आला. दोन्ही आहारांतील उष्मांक सारखे ठेवण्यात आले होते. मेथीच्या काळात उपाशीपोटी साखर उतरली आणि २४ तासांत लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. मात्र या प्रयोगात चरबी काढून टाकलेली मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम एवढी देण्यात आली होती. एवढी मेथी रोज, वर्षानुवर्षे खाणे कोणालाही कठीणच. त्यामुळे हेच काम थोड्या मात्रेच्या अर्काने साधेल का, हा प्रश्न पुढे येणे स्वाभाविक होते.

जयपूरची चाचणी

या प्रश्नाचा वेध घेणारी एक लहान परंतु बोधप्रद चाचणी जयपूर येथे झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या २५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. १२ जणांना पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात काढलेला मेथीच्या दाण्यांचा अर्क दिवसाला १ ग्रॅम याप्रमाणे दोन महिने देण्यात आला. उरलेल्या १३ जणांना आहारनियंत्रण आणि व्यायाम यांच्या जोडीला प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. कोणाच्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. या पद्धतीला दुहेरी अंध चाचणी म्हणतात.

दोन महिन्यांनंतर अर्क घेणाऱ्या गटातील उपाशीपोटी साखरेची सरासरी १४८.३ वरून ११९.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी खाली आली. म्हणजे सुमारे २८ अंकांची घट झाली. केवळ हाच गट अभ्यासला असता, तर मेथीच्या अर्काने साखर उतरते, असा निष्कर्ष निःशंकपणे काढला गेला असता.

परंतु दुसऱ्या गटातील आकडेही समोर होते. अर्क न घेतलेल्या या गटाची सरासरी १३७.५ वरून ११३.० पर्यंत, म्हणजे सुमारे २४ अंकांनी उतरली होती. ज्यांच्या कॅप्सूलमध्ये मेथीचा अंशही नव्हता, त्यांचीही साखर जवळजवळ तेवढीच कमी झाली. उपाशीपोटी साखरेच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, असेच संशोधकांना नमूद करावे लागले.

ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेल्या मोजमापाची गोष्ट निराळी होती. अर्काच्या गटात ही सरासरी २१०.६ वरून १८१.१ वर आली, तर दुसऱ्या गटात ती २१९.९ वरून २४१.६ वर गेली. एकीकडे घट आणि दुसरीकडे वाढ असूनही हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस मानण्यात आला नाही. गटातील रुग्णारुग्णांमध्येच एवढी तफावत होती आणि रुग्णांची संख्या इतकी थोडी होती, की असा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता.

मग चाचणीतून काहीच हाती लागले नाही का? तसे नाही. ग्लुकोज दिल्यानंतर ठराविक अंतराने रक्त तपासून साखरेचा आलेख काढला जातो. या आलेखाखालचे एकूण क्षेत्रफळ अर्काच्या गटात लक्षणीयरीत्या कमी होते. इन्सुलिनच्या आलेखाचेही तसेच होते. शरीर कमी इन्सुलिनमध्ये ग्लुकोज हाताळू लागले असावे, असे या मोजमापांवरून सूचित होते. थोडक्यात, अर्काचा काही परिणाम असावा, पण तो उपाशीपोटीच्या साध्या आकड्यात दिसला नाही आणि २५ जणांच्या अभ्यासावरून त्याविषयी ठाम बोलणेही शक्य नव्हते.

औषधाविना साखर का उतरते?

प्लासिबो घेणाऱ्यांची साखर उतरण्यामागे कोणतेही गूढ नाही. मधुमेहाचे निदान होताच बहुतेक जण गोड कमी करतात आणि चालू लागतात. चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाची नियमित तपासणी होत असल्याने तो पथ्य अधिक काटेकोरपणे पाळतो. आपण औषध घेत आहोत, ही भावनाच अनेकांना शिस्त लावते. प्रयोगशाळेतील यंत्राला रुग्णाच्या विश्वासाशी देणेघेणे नसते हे खरे, पण त्या विश्वासाने रुग्णाच्या ताटात आणि दिनक्रमात झालेला बदल यंत्राने मोजलेल्या आकड्यात उतरतोच.

दुसरे कारण गणिती स्वरूपाचे आहे. रक्तातील साखर रोज थोडी वरखाली होत असते. आदल्या दिवशीचे जेवण, झोप, ताप किंवा मानसिक ताण यांचा तिच्यावर परिणाम होतो. ज्या दिवशी आकडा विशेष जास्त येतो, त्याच दिवशी माणूस घाबरून उपाय सुरू करतो. त्यानंतरचे मोजमाप नेहमीच्या पातळीकडे परतण्याचीच शक्यता अधिक असते. या स्वाभाविक उताराचे श्रेय मग नुकत्याच सुरू केलेल्या उपायाला दिले जाते. घरच्या ग्लुकोमीटरवर मेथीचा गुण आल्याचे जे अनुभव सांगितले जातात, त्यांतील काही अशा प्रकारचे असतात. अनुभव सांगणारी व्यक्ती प्रामाणिक असते. मात्र मेथी घेतली नसती तर काय झाले असते, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. तो मार्ग तुलनेचा गट उपलब्ध करून देतो.

कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले जाते, त्याचेही कारण आहे. निवड डॉक्टरांनी केल्यास सौम्य आजाराचे किंवा अधिक उत्साही रुग्ण नकळत एकाच गटात जमा होण्याचा संभव असतो.

मेथीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. तिची कडू चव कॅप्सूलमध्ये लपवता येते, परंतु अधिक मात्रेत मेथी घेणाऱ्यांच्या घामाला आणि लघवीला एक विशिष्ट गोडसर वास येऊ लागतो. सोटोलॉन नावाच्या संयुगामुळे येणाऱ्या या वासावरून आपल्याला खरी मेथी मिळत असल्याचे रुग्णाला उमगू शकते. अशा प्रसंगी अंध चाचणी अंध राहत नाही.

मोजायचे काय?

उपाशीपोटी साखर त्या सकाळची स्थिती सांगते. ती १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास, आणि फेरतपासणीतही तसेच आढळल्यास, मधुमेहाचे निदान केले जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली तपासणी शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता दाखवते. तिसरे मोजमाप एचबीए१सी या नावाने ओळखले जाते. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे चिकटलेल्या साखरेच्या टक्केवारीवरून मागील दोन ते तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी केलेल्या उपवासाने हा आकडा बदलत नाही. त्यामुळे एखाद्या वनस्पतीचा टिकाऊ परिणाम पाहायचा असल्यास चाचणी किमान तीन महिन्यांची असणे आणि तीत एचबीए१सी मोजणे आवश्यक ठरते.

या मुद्द्याचे महत्त्व विजयसारच्या उदाहरणावरून ध्यानात येते. महाराष्ट्रात बिबळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेही व्यक्तींनी पिण्याची प्रथा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांवर विजयसारची चाचणी घेतली व तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आल्याचे आढळले. उपाशीपोटी साखरेची सरासरी १५१ होती, ती ३२ अंकांनी घटली. जेवणानंतरच्या साखरेची सरासरी २१६ होती, ती ४५ अंकांनी घटली. एचबीए१सी मात्र ९.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवरच आले. शिवाय ही चाचणी खुली होती, म्हणजे तीत प्लासिबोचा गट नव्हता. जयपूरच्या दुसऱ्या गटात दिसून आलेली घट लक्षात घेता, विजयसारच्या या आकड्यांतील किती वाटा वनस्पतीचा आणि किती पथ्याचा, हे केवळ त्या चाचणीवरून ठरवता येत नाही. ही उणीव ओळखूनच पुढे टोल्ब्युटामाइड या प्रचलित औषधाशी विजयसारची दुहेरी अंध तुलना करण्यात आली. तिचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

उंदरांवरील निष्कर्ष आणि माणूस

वनस्पतींच्या अर्कांविषयीच्या अनेक बातम्या प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारित असतात. या प्रयोगांत उंदरांना अॅलोक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायने टोचली जातात. त्यामुळे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात आणि उंदराला मधुमेह होतो. माणसांत बहुसंख्येने आढळणारा टाइप २ मधुमेह असा उद्भवत नाही. त्यात अनेक वर्षे इन्सुलिन असूनही शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि बीटा पेशी हळूहळू थकत जातात. दोन्ही स्थितींत साखर वाढते, परंतु कारणे वेगळी असल्याने एकीत लागू पडणारा उपाय दुसरीत लागू पडेलच असे नाही.

विजयसारमधील एपिकॅटेचिन या घटकाने उंदरांतील बीटा पेशी पुन्हा निर्माण होतात, असा दावा भारतीय संशोधकांनी १९८० च्या सुमारास केला होता. 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकानेही त्याची दखल घेतली. पुढे अन्य प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले असता त्यांना तो परिणाम मिळाला नाही. एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीने पडताळून पाहणे किती गरजेचे असते, याचे हे उदाहरण होय.

मात्रेचे गणितही फसवे असते. उंदराला शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला सरळ गुणाकाराने १२ ग्रॅम अर्क लागेल. परंतु लहान प्राण्यांचा चयापचय अधिक वेगवान असल्याने मोठ्या पांढऱ्या उंदरासाठीच्या अशा मात्रेला सुमारे सहाने भागण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ही मात्रा दोन ग्रॅमच्या आसपास येते. हा अंदाजही केवळ माणसांवरील सावध चाचणी सुरू करण्यापुरताच उपयोगी असतो.

दाणे, पूड आणि अर्क

मेथी म्हणजे नेमके काय, हा चाचणीतील सर्वांत अवघड प्रश्न म्हणता येईल. गॅलॅक्टोमॅनन हा तंतुमय घटक अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. त्यामुळे अल्कोहोलचे प्रमाण अधिक ठेवून अर्क काढल्यास तो बव्हंशी चोथ्यातच राहतो आणि अर्कात प्रामुख्याने लहान रेणूंचे घटक उतरतात. उलट दाण्यांची पूड आहारात मिसळली असता मुख्य काम तंतुमय घटक करतात. साहजिकच १०० ग्रॅम पूड आणि १ ग्रॅम अर्क ही शास्त्राच्या दृष्टीने दोन भिन्न द्रव्ये ठरतात. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. रात्रभर भिजवून दाणे टाकून दिले आणि केवळ पाणी प्यायले, तर ते तिसरेच द्रव्य झाले.

वाण, जमीन, हवामान, कापणीची वेळ आणि साठवण यांनुसार दाण्यांतील घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून चाचणीसाठी प्रमाणित अर्क वापरावा लागतो. अर्कातील निवडक घटकांचे प्रमाण यंत्राने मोजून प्रत्येक घाणा आधीच्या घाण्याशी जुळतो की नाही हे पाहिले जाते. शिसे, पारा यांसारखे जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि बुरशीची विषे यांचीही तपासणी केली जाते. अशा प्रमाणीकरणाविना झालेल्या चाचणीत गुण आला, तरी नेमक्या कोणत्या द्रव्याचा गुण आला हे सांगता येत नाही.

भारत सरकारने ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेद्वारे औषध नियमांत फायटोफार्मास्युटिकल, म्हणजे वनस्पतिजन्य प्रमाणित औषधे, हा स्वतंत्र वर्ग समाविष्ट केला. अशा औषधात किमान चार सक्रिय किंवा वनस्पतिजन्य घटकांची ओळख आणि त्यांचे प्रमाण निश्चित करणे बंधनकारक आहे.

लहान चाचण्यांची बेरीज

मेथीवर जगभरात झालेल्या चाचण्या बहुधा लहान आहेत. दोन गटांतील अपेक्षित फरक निम्म्याने लहान असेल, तर तो खात्रीने पकडण्यासाठी चौपट रुग्ण लागतात, असे संख्याशास्त्र सांगते. एवढे रुग्ण जमवणे खर्चाचे असते. स्वयंपाकघरातील पदार्थावर एकाधिकार मिळत नसल्याने औषध कंपन्या असा खर्च करण्यास फारशा उत्सुक नसतात.

यावर एक उपाय म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहणे. २०१४ मध्ये 'न्यूट्रिशन जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका विश्लेषणात मेथीवरील १० चाचण्या विचारात घेण्यात आल्या. मेथीमुळे उपाशीपोटी साखर सरासरी सुमारे १७ आणि दोन तासांनंतरची साखर सुमारे ३९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने, तर एचबीए१सी ०.८५ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात दिसले. मधुमेही व्यक्तींना मध्यम वा अधिक मात्रा दिलेल्या अभ्यासांतच साखरेवरील हा परिणाम ठळक होता. तुलनेसाठी, मेटफॉर्मिन या औषधाने एचबीए१सी साधारणपणे १ ते १.५ टक्क्यांनी घटते. मेथीचे आकडे त्यामुळे आशादायक वाटतात. मात्र मुळातील चाचण्या लहान होत्या, त्यांचे निष्कर्ष परस्परांशी पुरेसे जुळत नव्हते आणि अनेकींचा दर्जा सामान्य होता. कच्चे दुवे एकत्र बांधल्याने साखळी भक्कम होत नाही.

मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ६६ जणांना रोज १० ग्रॅम मेथी देण्यात आली. त्यांच्या तुलनेत मेथी न घेणाऱ्या ७४ जणांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट आढळली. मोठ्या आणि अंध पद्धतीच्या चाचणीतही हे दिसून आले, तर तो प्रतिबंधाच्या दिशेने महत्त्वाचा टप्पा ठरेल.

पहिल्या उत्साहवर्धक निष्कर्षानंतर सावध राहावे, हे दालचिनीच्या उदाहरणाने शिकवले आहे. पाकिस्तानात ६० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दालचिनीने ४० दिवसांत उपाशीपोटी साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरल्याचे नमूद होते. २००६ मध्ये नेदरलँड्समधील २५ महिलांच्या चाचणीत मात्र प्लासिबोच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये ५७७ जणांचा समावेश असलेल्या १० चाचण्यांचा आढावा घेतला आणि मधुमेहासाठी दालचिनी वापरण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे मत नोंदवले.

वनस्पतीपासून औषधापर्यंत

वनस्पतीकडून स्फूर्ती घेऊन मधुमेहाचे प्रभावी औषध निर्माण होऊ शकते, याचा सर्वांत मोठा दाखला मेटफॉर्मिनचाच आहे. युरोपात पूर्वापार औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत ग्वानिडीन वर्गातील संयुगे असतात. मेथीप्रमाणे तीही द्विदल कुळातीलच. ग्वानिडीनने प्राण्यांतील साखर उतरते, हे १९१८ मध्ये दिसून आले, परंतु ते विषारी होते. मेटफॉर्मिन हे संबंधित संयुग १९२२ मध्ये डब्लिन येथे प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. फ्रेंच वैद्य जाँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांवरील त्याच्या वापराचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. १९९८ मध्ये ब्रिटनमधील प्रदीर्घ अभ्यासाने स्थूल मधुमेही रुग्णांत या औषधाने गुंतागुंत आणि मृत्यूचे प्रमाण घटते, हे दाखवून दिले.

याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषधही साखर चांगली उतरवत असे. परंतु रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागल्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अनेक देशांतून मागे घेण्यात आले. साखर उतरणे आणि रुग्णाचे भले होणे या दोन गोष्टींची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते, हा धडा वैद्यकाने त्यातून घेतला.

दावे कसे तपासावेत?

मधुमेह समूळ बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिराती आजही दिसतात. वास्तविक १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे आणि अशा जाहिरातींना प्रतिबंध आहे. काही देशांत वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखी आधुनिक औषधे गुपचूप मिसळल्याचेही उघडकीस आले आहे. अशा भेसळीने साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

देशातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, २००७ मध्ये सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तीत आगाऊ नोंदणी करणे सक्तीचे झाले. काय मोजणार हे आधीच जाहीर करावे लागत असल्याने, वीस गोष्टी मोजून त्यांतील एखादी योगायोगाने अनुकूल निघालेली तेवढी पुढे करण्यास आळा बसतो. एखाद्या अर्काविषयीचा दावा वाचताना प्रयोग माणसांवर झाला का, तुलनेचा गट होता का, रुग्ण किती होते, तो किती काळ चालला, एचबीए१सी मोजले का आणि चाचणीची आगाऊ नोंद होती का, एवढे प्रश्न विचारल्यास बहुतेक दाव्यांचे वजन कळून येते.

रुग्णांसाठी याचा अर्थ

आहारात मेथीचा वापर बहुसंख्य लोकांसाठी सुरक्षित असून तीतील तंतुमय घटक उपयुक्त आहेत. अधिक मात्रेने पोट फुगणे, जुलाब होणे असे त्रास संभवतात. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अॅलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही अॅलर्जी असू शकते. गर्भवतींनी औषधी मात्रेत मेथी घेणे टाळावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मेथीच्या जोडीने अपेक्षेपेक्षा अधिक उतरू शकते. घाम फुटणे, हातापायांना कंप सुटणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे होत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. मेथीचा चिकट थर तोंडाने घेतलेल्या अन्य औषधांचे शोषणही मंद करू शकतो. त्यामुळे मेथी आणि गोळ्या यांच्या वेळांत अंतर ठेवणे श्रेयस्कर.

मेथीची पूड किंवा अर्क नियमित घ्यायचा असल्यास डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी, चालू औषधे स्वतःहून कमी करू नयेत आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून घ्यावे. तो आकडा घटलेला आढळला, तर मेथीसोबत आहार आणि व्यायामात झालेले बदलही विचारात घेऊन औषधाच्या मात्रेचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.